‘बोत’ म्हणजे होडी की जहाज? स्कँडिनेव्हियन भाषांतले बोटीचे शब्द

प्रश्न असा आला आहे. एक नॉर्वेजियन कथा मराठीत आणायची आहे. आई शहरातून गावी येते ती ‘हुर्तीबोत’ने, आजोबांची मासेमारीची ‘शार्क’ आहे आणि भिंतीवरच्या जुन्या फोटोत पणजोबांची ‘स्कूते’ आहे. शब्दकोशात ‘बोत’ म्हणजे होडी आणि ‘शीप’ म्हणजे जहाज एवढंच मिळतं. मग शेकड्याने माणसं नेणाऱ्या बोटीला होडी कसं म्हणायचं? आणि स्वीडिश, डॅनिशमध्येही हेच शब्द आहेत का?

मी नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये राहून नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांतरं करते. त्यातला मोठा भाग समुद्राशी संबंधित कागदांचा: विमा, बोटींची खरेदी-विक्री, बंदरांचे करार. त्यामुळे या शब्दांशी रोजचा संबंध आहे. उत्तर आधीच सांगून टाकते. ‘बोत’ या शब्दाला ठरावीक आकार नाही. डबक्यात वल्हवायच्या होडीपासून हजारो माणसांच्या प्रवासी बोटीपर्यंत सगळं ‘बोत’मध्ये येतं. त्याला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘होडी’ नाही, ‘जहाज’ही नाही. तो आहे ‘बोट’, आणि तोसुद्धा आपल्या आधीच्या पिढ्या ज्या अर्थाने वापरत त्या अर्थाने.

कोकणातल्या जुन्या माणसांना विचारा. मुंबईहून रत्नागिरी, वेंगुर्ला, पणजीकडे जायची ती ‘बोट’. तिच्यात शेकडो माणसं, ट्रंका, करंड्या, कोंबड्या असत, तरी तिला कोणी जहाज म्हणत नसे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाताना बुडाली ती ‘रामदास बोट’. प्रवासात मळमळलं की ‘बोट लागली’. नॉर्वेजियन माणूस ओस्लोहून कोपनहेगनला जाणाऱ्या अनेक मजली बोटीला ‘दान्स्केबोतेन’ म्हणतो, म्हणजे डेन्मार्कची बोट. डॅनिश माणूस त्याच बोटीला ‘ओस्लोबॉदेन’ म्हणतो, म्हणजे ओस्लोची बोट. आपण ‘गोव्याची बोट’ म्हणायचो तसंच. कुठे जाते त्यावरून नाव आणि पुढे साधा घरगुती शब्द. ‘दान्स्केबोतेन’चं ‘डेन्मार्कला जाणारं जहाज’ केलंत की वाक्याला उगाच कडक इस्त्री बसते.

आता शब्द एकेक करून.

नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये ‘बोत’, त्यातला ओ लांबवून. लिहिताना रोमन ‘ए’च्या डोक्यावर छोटं वर्तुळ असतं. ते अक्षर ‘ओ’सारखं वाचायचं, ‘आ’सारखं नाही. ‘एन बोत’ म्हणजे एक बोट, ‘बोतेन’ म्हणजे ती विशिष्ट बोट. नॉर्वेजियनच्या दोन प्रमाण लेखनपद्धती आहेत, बोकमोल आणि नीनोश्क. अनेकवचन बोकमोलमध्ये ‘बोतेर’, तर नीनोश्क आणि स्वीडिशमध्ये ‘बोतार’. डॅनिशमध्ये शेवटचा त मऊ होऊन द होतो. पण तो आपला दाताला भिडणारा द नव्हे. जीभ खालीच राहते आणि नुसता श्वास घासत जातो, वर स्वर मध्येच गळ्यात किंचित अडकवतात. देवनागरीत ‘बॉद’ लिहून काम भागवावं लागतं. आइसलँडिकमध्ये ‘बाउतुर’, फेरो बेटांवर त्याच अक्षरांचा उच्चार ‘बॉआतुर’कडे झुकतो. तिथे शेवटचा ‘उर’ हा पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय आहे, म्हणजे संस्कृतातल्या विसर्गाचा सख्खा भाऊ. संस्कृत शिकलेल्याला आइसलँडिकची विभक्ती परकी वाटत नाही: बाउतुर, बाउत, बाउती, बाउत्स.

‘शीप’चं प्रकरण थोडं वेगळं. स्पेलिंग ‘स्किप’सारखं दिसतं, पण नॉर्वेजियनमध्ये ‘इ’आधीचा ‘स्क’ ‘श’ होतो म्हणून ‘शीप’. डॅनिशमध्ये ‘स्गीब’, आइसलँडिकमध्ये ‘स्कीप’. स्वीडिशमध्ये ‘शेप’, पण त्यातला श घशातून फुंकर मारल्यासारखा येतो. हा शब्द नपुंसकलिंगी आहे. नवशिक्यांना त्याहून जास्त छळते ती दुसरीच गोष्ट: नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये याचं अनिश्चित अनेकवचन एकवचनासारखंच. ‘एत शीप’ एक जहाज, ‘तू शीप’ दोन जहाजं. आधी संख्या किंवा विशेषण नसेल तर ‘शीप’ एक की अनेक हे वाक्यावरूनच ओळखायचं. विम्याच्या कागदात ही चूक महागात पडते, आणि कथेतही संबंध ताफ्याचं एकच जहाज होऊन बसतं.

जुनी पुस्तकं वाचणार असाल तर आणखी एक माहिती लागेल. १९०७ पर्यंत नॉर्वेचं प्रमाण लेखन बरंचसं डॅनिशच होतं, म्हणून तिथेही ‘बॉद’ आणि ‘स्गीब’ यांचीच अक्षरं दिसतात. १९०७ च्या सुधारणेने लेखनात कठीण प, त, क आले. डोक्यावर वर्तुळ असलेलं अक्षर नॉर्वेत १९१७ ला आणि डेन्मार्कात थेट १९४८ ला अधिकृत झालं. त्याआधी दोन ‘ए’ लागोपाठ लिहीत. अभिलेखागारात किंवा जुन्या वर्तमानपत्रांत शोध घेताना आजचं स्पेलिंग टाकलंत तर हाती फारसं लागणार नाही. गंमत म्हणजे नॉर्वेच्या अगदी दक्षिण किनाऱ्यावर बोलीत आजही मऊ उच्चार टिकून आहे. तिथला कोळी ‘बोत’ नाही, ‘बोद’ म्हणतो, आणि त्या पट्ट्याला भाषातज्ज्ञ ‘मऊ किनारपट्टी’च म्हणतात. संवाद त्या बोलीत असतील तर लेखिकेने तसं स्पेलिंग मुद्दाम वापरलेलं असू शकतं. ते डॅनिश पात्र समजू नका.

आता मूळ. ते मला फार जवळचं वाटतं म्हणून थोडं रेंगाळते. समुद्रावर राज्य केलेल्या या लोकांचा बोटीचा शब्दच मुळात उसना आहे. जुन्या नॉर्समधला, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला, ‘बाउत्र’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘बात’वरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. कारण ध्वनिनियमांचं आहे: मूळ जर्मानिक शब्द सरळ वारशाने आला असता तर नॉर्समध्ये तो ‘बेत’सारखा व्हायला हवा होता. आणि तसा शब्द जुन्या काव्यात खरोखर सापडतो. म्हणजे घरचा शब्द कवितेत उरला आणि बाहेरून आलेला रोजच्या तोंडी बसला. त्याच इंग्रजी शब्दावरून फ्रेंचांचा ‘बातो’ झाला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली ती ‘बोट’. म्हणून बर्गेनच्या धक्क्यावर कोणी ‘बोतेन कोमर’, बोट येतेय, असं ओरडलं तर मराठी कानाला शब्द ओळखीचा वाटतो आणि ती ओळख खरी आहे. या शब्दाच्याही मागे बरेच जण ‘फोडणे, चिरणे’ या अर्थाचा धातू पाहतात, म्हणजे कोरून पोकळ केलेलं खोड. तो संस्कृतातल्या ‘भिद्’चा नातलग. मात्र ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही, संभाव्य आहे एवढंच म्हणावं.

त्याहून पक्कं नातं दुसऱ्या शब्दात आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर जागोजागी पाण्याच्या कडेला लाकडी शाकारलेली घरं दिसतात, दार समुद्राकडे, आत होडी ओढून ठेवलेली. त्या घराला ‘नौस्त’ म्हणतात. त्यातला ‘नौ’ तो आपलाच ‘नौ’, ‘नौका’, ‘नाव’ यांतला. दुसऱ्या भागात ‘उभं राहणं, असणं’ या अर्थाचा धातू पाहतात, म्हणजे संस्कृतात सांगायचं तर ‘स्था’. नावेचं राहायचं ठिकाण. नॉर्स पुराणकथांतला समुद्रदेव न्योर्द याच्या घराचं नाव ‘नोआतून’, जहाजांचं आवार, यातही तोच ‘नौ’. बोलीतून नावेचा हा शब्द केव्हाच गेला, पण तिच्या घरात अजून राहतोय.

कायद्याकडे वळू, कारण तिथे मोजपट्टी येते. स्वीडनच्या १९९४ च्या सागरी कायद्यात ‘फार्तीग’ ही सर्वसमावेशक संज्ञा आहे. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत सांगाड्याची कमाल लांबी किमान १२ मीटर आणि कमाल रुंदी किमान ४ मीटर असेल तर ते ‘शेप’, नाहीतर ‘बोत’ असा नियम होता. तेव्हापासून रुंदी मोजत नाहीत, लांबी २४ मीटरपेक्षा जास्त असेल तरच ‘शेप’. म्हणजे पंधरा मीटर लांब शर्यतीची नौकासुद्धा स्वीडिश कायद्याने ‘बोत’च. स्वीडिश कायदेशीर मजकूर करताना या दोन शब्दांची अदलाबदल करू नका, दोघांना लागू होणारे नियम वेगळे आहेत. नोंदणीचा कागद समोर असेल तर तिथले शब्द जसेच्या तसे पाळा आणि त्या वेळची मर्यादा तळटीपेत द्या. नॉर्वेत सामान्य माणसाला भिडणारा आकडा वेगळा. १९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला ८ मीटरपेक्षा लांब किंवा २५ अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनाची हौशी बोट चालवायची असेल तर परवाना लागतो. त्याचं नाव ‘बोतफॉरेरबेविस’, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा दाखला. तिथेही ‘शीप’ नाही, ‘बोत’च.

नॉर्वेजियन-डॅनिश ‘फार्तॉय’ आणि स्वीडिश ‘फार्तीग’ हे शब्द लो जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या भाषेतून आले. ‘फार्त’ म्हणजे प्रवास किंवा वेग, पुढचा भाग म्हणजे साधन. बातम्यांत, पोलिसांच्या निवेदनात, करारात हे शब्द येतात कारण ते आकाराबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘एक अनोळखी फार्तॉय दिसलं’ असं म्हणणाऱ्याला ती बोट आहे की जहाज हे ठरवायचं नसतं. इथे मराठी ‘नौका’ बरोबर बसते. पण आजोबांच्या तोंडी ‘फार्तॉय’ येणार नाही, आणि आलाच तर ते वर्दीतल्या माणसाशी बोलताहेत असं समजा.

स्वीडिशमध्ये ‘शेप’ रोजच्या बोलण्यातून बराच मागे सरकला आहे. आधुनिक मालवाहू जहाजाला स्वीडिश माणूस ‘फार्तीग’ म्हणेल किंवा सरळ ‘बोत’. ‘शेप’ म्हटलं की शिडं, तोफा, इतिहास डोळ्यांपुढे येतात. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि २४ एप्रिल १९६१ ला वर काढलेलं ‘व्हासा’ हे ‘शेप’. त्याला ‘बोत’ म्हणणं कानाला खटकतं. नौदलात मात्र तो शब्द जिवंत आहे. स्वीडिश युद्धनौकेच्या नावाआधी येणाऱ्या तीन अक्षरांतलं शेवटचं ‘शेप’चंच. अंतराळयानालाही स्वीडिश ‘रीम्दशेप’ आणि नॉर्वेजियन ‘रुम्शीप’ म्हणतात. डेन्मार्क आणि नॉर्वेची राजनौका, ‘दानेब्रो’ आणि ‘नोर्गे’, यांच्या नावाआधी बिरुद लागतं ते राजाचं ‘स्गीब’, राजाचं ‘शीप’. म्हणजे ‘शीप’ला मान आहे आणि ‘बोत’ला जवळीक. आकार दुय्यम. मोठ्या मालवाहू जहाजावर नोकरी करणारे नॉर्वेजियन खलाशी आपल्या दोनशे मीटरच्या जहाजाला ‘बोतेन’ म्हणतात, त्यामागे हेच आहे.

‘शीप’ समुद्राबाहेरही पसरला आहे. चर्चमधल्या मधल्या लांबट दालनाला तिन्ही भाषांत हाच शब्द. डेन्मार्कातल्या किनाऱ्याजवळच्या चर्चमध्ये गेलात तर छताला जहाजाची एखादी सुबक प्रतिकृती टांगलेली दिसेल. खलाशांनी नवसाने किंवा आठवणीने दिलेली. तिला ‘किर्केस्गीब’ म्हणतात, आणि संदर्भ नसेल तर चर्चचं दालन की टांगलेलं जहाज हे कळत नाही. स्वीडनच्या उपलांद किनाऱ्यावरच्या जुन्या प्रशासकीय विभागांना ‘शेप्सलाग’ म्हणत, जसं ओकेर्स शेप्सलाग. राजाच्या आरमारासाठी लोकांनी जहाजं आणि माणसं पुरवण्याच्या जुन्या व्यवस्थेशी हे नाव जोडलेलं आहे. महसुली विभागाचं नाव जहाजावरून, यावरून त्या समाजात जहाज कुठे होतं ते कळावं.

आता तुमची ‘स्कूते’. शब्दकोश हिला ‘जहाज’ म्हणून मोकळा होतो, पण हा खलाशांचा लाडका शब्द आहे. स्वीडिशमध्ये ‘स्कूता’, डॅनिशमध्ये ‘स्कूदे’. जुन्या नॉर्समध्ये छोट्या चपळ जहाजाला ‘स्कूता’ म्हणत, पुढे अर्थ पसरला. नॉर्वेत शिडाच्या व्यापारी जहाजांच्या युगाला ‘सैलस्कूतेतीदा’ म्हणतात, आणि मराठीत याला ‘गलबतांचा काळ’ इतकं नेमकं दुसरं काही नाही. पणजोबांच्या फोटोतली स्कूते म्हणजे गलबत. फक्त फोटोचं वर्णन नीट वाचा, कारण वाफेच्या किंवा सील मारायला जाणाऱ्या बोटीलाही प्रेमाने स्कूते म्हणत. ध्रुवीय संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेनचं ‘फ्राम’, १८९२ मध्ये लार्विकला कॉलिन आर्चरने बांधून पाण्यात सोडलेलं, त्याला संग्रहालयाच्या भाषेत ध्रुवीय ‘शीप’ म्हणतात आणि बोलण्यात ध्रुवीय ‘स्कूता’. तेच लाकूड, तेच शीड. बोलणारा त्याच्याकडे कसा पाहतो एवढाच फरक.

‘हुर्तीबोत’ म्हणजे वेगवान प्रवासी बोट. पश्चिम किनाऱ्यावर बेटं आणि फ्योर्ड (डोंगरांत घुसलेल्या खाड्या) यांच्यामधून धावणारी, बहुधा दोन सांगाड्यांची, गाड्या न घेणारी, तासाला तीसेक सागरी मैल सहज कापणारी. ‘जलद बोट’ म्हटलंत तरी पुरे. सापळा दुसरीकडे आहे. ‘हुर्तीरूतेन’ ही निराळी गोष्ट. ती बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळच्या शिर्केनेसपर्यंत जाणारी किनारी सेवा. १८९३ मध्ये कप्तान रिकार्द वित याने ‘वेस्तेरोलेन’ या आगबोटीने ती सुरू केली, तेव्हा ती ट्रॉनहाइमहून हामरफेस्तपर्यंतच जात असे. तिचा प्रवास दिवसांचा, हुर्तीबोतचा तासांचा. आई दुपारी निघून संध्याकाळी घरी पोचली असेल तर ती हुर्तीबोतच.

बोटीच्या नावाआधीच्या दोन अक्षरांकडेही लक्ष द्या. ‘डीएस’ म्हणजे आगबोट, ‘एमएस’ म्हणजे इंजिनाचं ‘शीप’, ‘एमएफ’ म्हणजे इंजिनाची ‘फेरगे’, गाड्या नेणारी. फेरगेला स्वीडिशमध्ये ‘फॅर्या’, डॅनिशमध्ये ‘फॅर्व’च्या जवळचा उच्चार. सोग्नेफ्योर्डवर लाविक आणि ओपेदाल यांच्यामध्ये २०१५ मध्ये सुरू झालेली ‘एमएफ आम्पेर’ ही गाड्या नेणारी पहिली बॅटरीवरची फेरगे. मराठीत ‘फेरी बोट’ रूढ आहे, तोच वापरा. नदीवरच्या जुन्या होडीसेवेला आपल्याकडे ‘तर’ होती, पण गाड्यांनी भरलेल्या फेरगेला ‘तर’ म्हटलं तर वाचक सांगलीच्या कृष्णाकाठी पोचेल.

आजोबांची ‘शार्क’ मला सगळ्यात काळजीची वाटते. हा उच्चार देवनागरीत लिहिला की वाचकाला मासाच दिसणार. तो शब्द एक-दोन माणसांनी चालवायच्या छोट्या किनारी मच्छिमार बोटीचा: पुढे किंवा मागे बंदिस्त केबिन, बाकी उघडं काम करायचं अंगण, डिझेल इंजिन. त्याहून मोठी, पूर्ण डेकची लाकडी मच्छिमार बोट म्हणजे ‘शॉय्ते’. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेच्या सागरी बचाव संस्थेच्या नौकांना आजही ‘रेदनिंग्सशॉय्ते’ म्हणतात, त्या आता लाकडी उरल्या नसल्या तरी. शार्कसाठी पहिल्यांदा ‘आजोबांची मासेमारीची छोटी बोट’ लिहा आणि पुढे नुसतं ‘बोट’. मूळ शब्द हवाच असेल तर ‘श्यार्क’ लिहून त्याच वाक्यात अर्थ द्या. ‘मचवा’ लिहू नका. तो शब्द कोकणी शीड, कोकणी माणसं आणि कोकणी वारा घेऊनच येतो.

‘स्नेक्के’ कथेत आली तर काळ बघा. व्हायकिंग काळातली ‘स्नेक्या’ म्हणजे लांब, अरुंद युद्धनौका. आजच्या नॉर्वेत ‘स्नेक्के’ म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, आत डिझेल इंजिन बसवलेली, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन बेटांमधून टकटक करत फिरणारी छोटी बोट. नाव तेच, माणसं पार बदलली.

खास नॉर्डिक नाव मात्र वल्ह्यांवरून पडतं, आणि ते जवळून पाहण्यासारखं आहे. ‘फॅरिंग’ म्हणजे चार वल्ह्यांची होडी. शब्दातच ‘चार’ आणि ‘वल्हं’ दडलेले आहेत. बर्गेनच्या दक्षिणेला उस नावाच्या गावी बांधली जाणारी ‘उसेल्वर’ फॅरिंग मी हात लावून पाहिली आहे. प्रत्येक बाजूला फक्त तीन रुंद फळ्या. वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवलेली, आणि त्या चढवलेल्या पट्टीतून धातूचे खिळे आरपार ठोकून आतल्या बाजूने गोल चकतीवर चेपलेले. हात फिरवला की फळीची पायरी बोटांना लागते. वल्हं खाचेतून निसटू नये म्हणून दोरीचा फास असतो. आधी बाहेरचं कवच तयार होतं, आतल्या फासळ्या मागून बसतात. म्हणून होडी हलकी राहते आणि लाटेवर किंचित वाकते, मोडत नाही. आपल्या अरबी समुद्रातल्या जुन्या शिवलेल्या जहाजांत फळ्या कडेला कड लावून काथ्याने शिवत, त्याच्या अगदी उलट. फळीवर फळी चढवण्याच्या या कलेची डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. ती डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून केलेली मागणी होती. १८८० मध्ये उत्खननात मिळालेल्या नॉर्वेतल्या गोकस्ताच्या व्हायकिंग जहाजाबरोबर तीन छोट्या होड्याही निघाल्या. त्यांच्यातली सगळ्यात लहान आजच्या फॅरिंगची थेट आजी शोभेल. फेरो बेटांवर वल्ह्यांऐवजी माणसं मोजतात: पाच माणसांची, सहा माणसांची, आठ माणसांची होडी. जुलैच्या अखेरच्या ओलाव्सोका सणात त्यांच्या शर्यती होतात.

बोटीच्या फळीला ‘बोर’ म्हणतात, तिची अक्षरं आपल्या ‘बोर्ड’ची. ‘स्तीरबोर’ म्हणजे सुकाणूची बाजू, उजवी, कारण व्हायकिंग जहाजांचं सुकाणू मागे मध्यभागी नसून उजव्या कडेला असे. ‘बाबोर’, डावी, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याच्या पाठीकडची. अनुवादात यांना सरळ उजवी-डावी करा, फक्त ती नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभ्या माणसाची उजवी-डावी आहे हे विसरू नका.

व्हायकिंगांचा शब्दसाठा मोठा आहे, पण तुमच्या कथेला तो लागणार नाही, म्हणून दोनच गोष्टी. लढाईचं लांब जहाज ‘लांग्स्कीप’ आणि पोटाळ मालवाहू ‘क्नार’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. डेन्मार्कातल्या रोस्किलदेच्या खाडीतून १९६२ मध्ये काढलेल्या पाच जहाजांत दोन्ही प्रकार आहेत. त्यातलं सुमारे तीस मीटरचं युद्धजहाज १०४२ च्या सुमारास डब्लिनमध्ये बांधलेलं, हे लाकडाच्या वलयांवरून कळलं. त्याची नव्याने बांधलेली प्रतिकृती २००७ मध्ये डब्लिनपर्यंत वल्हवत आणि शिडाने गेली. तिचं नाव ‘हावहिंग्स्तेन’, समुद्राचा घोडा. जुने कवी जहाजाला लाटांचा घोडा म्हणत, तीच परंपरा.

डॅनिशमधून वाचणार असाल तर ग्रीनलंडची ‘कोनेबॉद’ भेटू शकते, शब्दशः बायकांची बोट. कातड्याची मोठी उघडी होडी, जिला ग्रीनलंडिक ‘उमियाक’ म्हणतात. आणि पाणबुडीला नॉर्वेजियन, स्वीडिशमध्ये ‘ऊबोत’ म्हणत असताना आइसलँडिकने आपला ‘काव्बाउतुर’ बनवला, बुडी मारणारी बोट. आपल्या ‘पाणबुडी’सारखा तिथेही घरचा शब्द तयार झाला याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एका वाक्प्रचारापासून मात्र सावध राहा. ‘यी नोए पो बोतेन’, शब्दशः ‘काहीतरी बोटीवर देणे’. याचा बोटीशी संबंध उरलेला नाही. अर्थ आहे नाद सोडणे, सोडून देणे, आणि तो माणसांनाही लागतो. ‘तिने त्याला बोटीवर दिलं’ असं छापलेलं भाषांतर माझ्या पाहण्यात आहे. मुलीने त्या मुलाचा नाद सोडला होता. स्वीडिशमध्येही हाच वाक्प्रचार याच अर्थाने आहे. ‘एकाच बोटीत असणं’ मात्र तिकडेही आहे, आणि मराठीत ‘आपण सगळे एकाच नावेत’ म्हणता येतं. तिथे नाव चालते, कारण ते वाक्य बोलणाऱ्याला खरी बोट दिसत नसते.

राहता राहिलं आजोबांचं ‘नौस्त’, कारण शार्क आहे म्हणजे नौस्त कथेत कुठेतरी येणारच. याला ‘गोदी’ करू नका, गोदी म्हणजे कामगार, क्रेन आणि फाटक. ‘होडीघर’ लिहा, आणि पहिल्या वेळी पाण्याकडे उघडणारं दार वाक्यात येऊ द्या. मात्र शार्क स्वतः सहसा धक्क्याला बांधलेली असते. नौस्तमध्ये ठेवतात ती तिच्यासोबतची वल्हवायची छोटी होडी. मूळ मजकुरात तिलाही ‘बोतेन’च म्हटलेलं असेल. तिथे, आणि फक्त तिथे, ‘होडी’ लिहा.